लिस्बन : नऊ दिवस, एकच शहर, मी एकटी

मोतीतलाव | २९ जून २०२५

परत येऊन दोन आठवडे झाले, आता जरा निवांत बसून लिहिते. वय ४७, पाठीवर नऊ किलोची सॅक, आणि परदेशात एकटीने जायची पहिलीच वेळ. ६ ते १५ जून, नऊ रात्री, सगळ्या लिस्बनमध्ये.

घरी सांगितल्यावर सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, एवढे पैसे घालवतेस तर टूर घे, बारा दिवसांत सात देश होतील. मला सात देश नको होते. एका शहरात राहायचं होतं, सकाळी उठून कुठे जायचं ते स्वतः ठरवायचं होतं. लिस्बनच का, तर मी सावंतवाडीची. लहानपणापासून पणजीच्या जुन्या गल्ल्या, फोंताइन्यासची रंगीत घरं पाहिलेली. ज्या पोर्तुगीजांनी ती बांधली त्यांचं स्वतःचं गाव कसं आहे, हे कधीतरी बघायचं मनात होतं.

एकच शहर असल्याने व्हिसाचे कागदही सोपे झाले. एक देश, एक हॉस्टेल, सगळ्या रात्रींचं एकच बुकिंग. शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, वर अर्ज घेणाऱ्या केंद्राचे पैसे वेगळे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. बँकेची स्टेटमेंटं, ऑफिसचं रजेचं पत्र आणि एक साधं पत्र : मी एकटी का जाते आहे, रोज साधारण काय करणार आहे, परत कधी येणार आहे. ते पत्र मनापासून लिहा. मी दोन रात्री घालवल्या त्यावर.

मुंबईहून लिस्बनला थेट विमान नाही, मी दुबईवरून गेले. विमानतळाखालीच मेट्रोच्या लाल मार्गाचं शेवटचं स्टेशन आहे. तिथल्या यंत्रातून अर्ध्या युरोचं 'नावेगांत' कार्ड घ्यायचं आणि त्यात दहा-पंधरा युरो भरायचे. या पद्धतीला तिथे झॅपिंग म्हणतात. मेट्रो, ट्राम, बस, नदीपलीकडची बोट, सिंत्रा आणि काश्काइशची लोकल, सगळीकडे तेच कार्ड टेकवायचं.

मेट्रोतून बाहेर आले तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते आणि आकाशात अजून थोडा उजेड होता. नकाशावर हॉस्टेल सहा मिनिटांवर होतं. ती सहा मिनिटं पायऱ्यांची निघाली. लिस्बन टेकड्यांवर वसलंय. नकाशा आडवं अंतर दाखवतो, चढ दाखवत नाही. आणि पायाखाली ती पांढऱ्या-काळ्या चुनखडीच्या तुकड्यांची फरसबंदी, वर्षानुवर्षं पाय लागून गुळगुळीत झालेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दव होतं, मी घसरले आणि हाताचा कोपर सोलवटला. चांगल्या पकडीचे बूट न्या, बाकी काही विसरलात तरी चालेल.

आता मुख्य गोष्ट. १२ जूनची रात्र.

१३ जून हा सांतु आंतोनियुचा, म्हणजे संत अँथनीचा दिवस. पादुआचा म्हणून ओळखला जाणारा हा संत मूळचा लिस्बनचा, बाराव्या शतकाच्या शेवटी इथेच जन्मला. कॅथेड्रलला लागूनच त्याचं छोटं देऊळ आहे, जन्मस्थानावर बांधलेलं. आदल्या रात्री सगळं शहर रस्त्यावर येतं. आवेनिदा दा लिबरदाद या मोठ्या रस्त्यावर प्रत्येक मोहल्ल्याचं पथक वेशभूषा करून नाचत जातं आणि आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत दारोदारी कोळशावर मासे भाजतात. सार्दिन, म्हणजे आपली तारली. जाडं मीठ लावून अख्खी भाजायची आणि पावाच्या जाड कापावर ठेवायची. सगळं तेल त्या पावात मुरतं. मासा संपला की तो पाव खायचा. मी मालवणी बाई, मासा कसा असावा याबद्दल माझी मतं पक्की आहेत. तो पाव मी जन्मात विसरणार नाही.

गर्दी एवढी की पाय उचलला की पुढे ढकलले जात होते. एका कोपऱ्यावर श्वास घ्यायला थांबले. तिथे सत्तरीच्या पुढची एक आजी दाराशी बसून छोट्या पेल्यांतून जिंजा विकत होती. जिंजा म्हणजे आंबटगोड चेरीची दारू. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "सोझिन्या?" हा शब्द मी पाठ करून गेले होते : एकटी? मी म्हटलं, "सिं," म्हणजे हो. ती उठली, आत गेली, प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली आणि आपल्या शेजारी ठेवली. मग वरच्या मजल्याकडे बोट करून काहीतरी बोलली, त्यातला एकच शब्द मला कळला. 'जनेला.' तिची खिडकी. आमची आजी खिडकीला जनेलच म्हणायची. मी दोन तास त्या खुर्चीवर बसले.

तिच्या दारात मांझेरिकुची कुंडी होती. ही बारीक पानांची तुळस, त्यात कागदाचं कार्नेशनचं फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. या सणाला सगळे एकमेकांना देतात. नाक जवळ नेऊन वास घ्यायचा नाही, त्याने ती सुकते म्हणे. पानांवरून तळहात फिरवायचा आणि तळहाताचा वास घ्यायचा. तिने माझा हात धरून शिकवलं.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देते.

---

निशिगंध | २९ जून

ताई, खुर्चीपाशी डोळ्यांत पाणी आलं. दोन प्रश्न. हॉस्टेलमध्ये तुमच्या-माझ्या वयाच्या बायका असतात का? आणि रात्री एकटीने परत येताना भीती वाटली का?

मोतीतलाव | ३० जून

असतात. मी बायकांच्या सहा बेडच्या खोलीत होते. त्यात ६१ वर्षांची एक जर्मन शिक्षिका होती, निवृत्त झाल्यापासून दरवर्षी एक शहर करते. सरासरी ३८ युरो रात्रीला पडले, सणाच्या दोन रात्री बऱ्याच महाग. शिवाय पालिकेचा पर्यटन कर माणशी रात्रीला ४ युरो, तो पहिल्या सात रात्रींपुरताच. खालचा बेड आधीच लिहून मागून घ्या. स्वतःचं कुलूप न्या.

रात्रीची भीती फारशी वाटली नाही, कारण लोक बाराला जेवून घरी जात असतात, रस्ते जागे असतात. पण एक प्रसंग सांगते. दुपारी खचाखच भरलेल्या ट्राममध्ये माझ्या खांद्याच्या पिशवीची चेन कुणीतरी अर्धी उघडली होती. आत रुमाल आणि पाण्याची बाटली होती म्हणून वाचले. पासपोर्ट हॉस्टेलच्या लॉकरमध्ये, त्याची प्रत जवळ, कार्डं आणि नोटा कपड्याच्या आतल्या पट्ट्यात. मदतीसाठी ११२.

---

चाकोरीबाहेर | ३० जून

छान लिहिलंय, पण स्पष्ट बोलतो. नऊ दिवस एकाच शहरात हे मला पटलं नाही. विमानाला एवढे पैसे घालून जायचं आणि शेजारचं माद्रिद, बार्सिलोनाही बघायचं नाही? मी मागच्या वर्षी दहा दिवसांत पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, प्राग आणि व्हिएन्ना केलं. एकट्यानेच. बघून घ्यायचं तर नीट बघून घ्यावं. पुन्हा जाणं कुणाला जमतं?

मोतीतलाव | १ जुलै

तुमचा मुद्दा पैशांच्या बाजूने बरोबर आहे आणि माझ्याही मनात तो शेवटपर्यंत होता. पण दोघांनी फिरणं वेगळं आणि एकट्याने फिरणं वेगळं असं मला आता वाटतं. दोघं असली की रोज नवं शहर चालतं, कारण ओळखीचं माणूस बरोबर असतं. एकट्याला ओळख त्या शहरातच मिळवावी लागते, आणि तिला दिवस लागतात.

हॉस्टेलच्या खालच्या गल्लीत एक अरुंद खानावळ होती, सात-आठ टेबलं. पहिल्या दिवशी मी बोट दाखवून कॉफी मागितली. दुसऱ्या दिवशी 'बिका' म्हटलं, छोट्या कडक कॉफीला लिस्बनमध्ये हाच शब्द. चौथ्या दिवशी मी दारात दिसताच मालकाने यंत्राचा दांडा ओढला. सहाव्या दिवशी त्याने मला हाताने खूण करून खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं, तिथे त्याचा रोजचा एक म्हातारा गिऱ्हाईक बसायचा. आम्ही दोघं एकमेकांची भाषा न कळता शेजारी बसून सूप प्यायलो. पाच शहरं केली असती तर पाचही ठिकाणी मी पहिल्या दिवसाची गिऱ्हाईक राहिले असते.

आणि शहर छोटं नाही हो. बाइशा भागात सरळ रेषेतल्या रस्त्यांवर चालताना कळतच नाही की हे सगळं एका दिवसाने घडवलंय. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांच्या सणाची सकाळ, लोक चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप, मग समुद्राची लाट, मग अनेक दिवस आग. त्यानंतर राजाचा मंत्री मार्केस द पोंबालने हा भाग नव्याने आखला, भिंतींत लाकडाचे पिंजरे बसवून घरं बांधली, हादऱ्यात इमारत डोलावी पण कोसळू नये म्हणून. कार्मुचं चर्च मात्र तसंच ठेवलंय, छप्पर नसलेलं. कमानींच्या मधून थेट आकाश दिसतं. मी तिथे दोनदा गेले, एकदा भर दुपारी आणि एकदा संध्याकाळी.

---

तेजूकाठी | २ जुलै

मी मूळ साताऱ्याचा, सहा वर्षं लिस्बनमध्ये नोकरी करतो. तेजू म्हणजे इथली नदी. ताईंनी लिहिलेलं जवळपास सगळं बरोबर आहे, थोडी भर घालतो.

हॉटेलात बसलं की न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह, चीज येतं. त्याला 'कुव्हेर' म्हणतात आणि ते फुकट नसतं. खाल्लं तर बिलात लागतं, नको असेल तर हात न लावता परत पाठवा, कुणी वाईट मानत नाही. दुपारी 'प्रातु दु दिया' मागा, त्या दिवसाचं ताट, तेच स्वस्त आणि ताजं. नळाचं पाणी पिण्यालायक आहे.

२८ नंबरची ट्राम सुंदर आहे, पण दुपारी तिच्यात पर्यटक आणि खिसेकापू दोघेही भरलेले असतात. सकाळी सातला मार्तिं मोनिझपासून बसा. बाइशामध्ये कुणी जवळ येऊन हळू आवाजात चरस हवाय का विचारेल. न थांबता पुढे चाला. बहुतेक वेळा तो नुसता वाळलेला पाला असतो आणि बोलत राहिलात तर त्रास होतो.

एक मनापासूनची विनंती. आल्फामा आणि मोरारियामधली किती घरं पर्यटकांसाठी भाड्याने लागली आहेत, ते दारांवरच्या पाट्या बघून कळतं. पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक भाडं परवडत नाही म्हणून नदीपलीकडे किंवा दूरच्या उपनगरांत गेले. ताईंना खुर्ची देणारी आजी अजून तिथे राहते हेच विशेष. तिथे राहायचं असेल तर हॉस्टेल किंवा जुनं लॉज बघा, अख्खं घर घेऊ नका. रात्री अकरानंतर गल्लीत मोठ्याने बोलू नका, चाकांची बॅग दगडांवर ओढू नका. पाठीवरची सॅक यासाठीही चांगली.

मोतीतलाव | २ जुलै

ही विनंती मी वरच लिहायला हवी होती. आजींच्या शेजारच्या तिन्ही दारांना नंबरांची कुलूपपेटी होती. त्याचा अर्थ मला आत्ता कळला.

---

वसईचा_नातू | ४ जुलै

आमच्या वसईच्या किल्ल्यात लहानपणी खेळलोय, त्यामुळे वाचताना अंगावर काटा आला. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, पण त्यांचे शब्द गेले नाहीत. पाव, बटाटा, चावी, बादली, साबण, नाताळ, पाद्री, लिलाव, काजू, अननस... तुम्हाला तिथे आपले शब्द कानावर पडले का? आणि आपल्याकडच्या इतिहासाची काही खूण दिसली का?

मोतीतलाव | ५ जुलै

रोज पडायचे! हॉस्टेलवाल्या मुलीने किल्ली देताना 'शाव्ह' म्हटलं, मी 'चावी' ऐकलं. बाजारात ढिगावर पाटी, 'बताता'. कोबीला 'कोव्ह'. 'फीता' म्हणजे आपली फीत. पाटीवर 'आनानाश' वाचून मी उभीच राहिले. आणि हापूस तर तुम्हाला ठाऊकच असेल, अफोंसु नावावरून आलेला.

खुणांचं म्हणाल तर लिस्बनच्या बेलें भागात जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये आत शिरताच डावीकडे वास्को द गामाची समाधी आहे, समोर उजवीकडे कवी कामोंइश. वास्को १५२४ मध्ये कोचीला मेला, अस्थी पुढे पोर्तुगालला नेल्या आणि १८८० मध्ये इथे आणल्या. मठ सोमवारी बंद असतो. नदीकाठचा बेलेंचा मनोरा मी गेले तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होता.

पण मला हलवून टाकणारी जागा दुसरीच. साँव व्हिसेंत द फोरा हा मठ, तिथे ब्रागांसा राजघराण्याच्या समाध्या आहेत. त्यांत कातारीना. १६६१ च्या करारात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी तिचं लग्न ठरलं आणि हुंड्यात मुंबई दिली गेली. नवरा गेल्यावर ती मायदेशी परतली आणि १७०५ मध्ये लिस्बनमध्येच वारली. शाळेत आपण एक ओळ शिकतो, मुंबई हुंड्यात दिली. जिच्या लग्नात दिली ती बाई माझ्यासमोर दगडाच्या पेटीत होती. मी मुंबईत अकरा वर्षं नोकरी केली. तिथे बराच वेळ उभी राहिले.

मठाच्या मागेच मंगळवारी आणि शनिवारी जुना बाजार भरतो, फैरा दा लाद्रा. फुटक्या निळ्या टाइल्स, जुनी पत्रं, गंजलेल्या चाव्या. दोन्ही एका सकाळीत होतात.

---

कढीपत्ता | ७ जुलै

मी शाकाहारी, अंडं चालतं. तारल्यांच्या शहरात माझं काय होईल?

तेजूकाठी | ७ जुलै

उपाशी राहणार नाही. भाजीचं सूप जवळपास प्रत्येक खानावळीत असतं, 'काल्दु व्हेर्द' मागितलंत तर 'सें शोरिसु' सांगा, नाहीतर त्यात डुकराच्या सॉसेजची चकती येते. 'पैशिन्युश दा ओर्ता' नक्की खा. नावाचा अर्थ बागेतले छोटे मासे, प्रत्यक्षात फरसबीची भजी. मार्तिं मोनिझ भागात बांगलादेशी, पंजाबी, गुजराती दुकानं आहेत, डाळ-तांदूळ-मिरच्या सगळं मिळतं, हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात खिचडी टाकता येते. लुमियारला राधाकृष्ण मंदिर आहे. बरेचसे गुजराती मोझांबिकमार्गे इथे आलेले, त्यांनी बांधलं. तिथे शाकाहारी जेवण मिळतं.

---

मुक्कामपोस्ट | ११ जुलै

मी इथे फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहिते. वय ५६. यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांना आणि मला समुद्राकाठचं एखादं जुनं शहर बघायचं होतं. मुलं म्हणतात आमच्याबरोबर चल, पण मला एकटीने जायचंय. मोतीतलाव, एक खरं सांगाल? तुम्हाला एकटं वाटलं का? सणाच्या रात्रीचं नको, बाकीच्या दिवसांचं सांगा.

मोतीतलाव | १२ जुलै

ताई, वाटलं. चौथ्या संध्याकाळी फार वाटलं.

ग्रासाच्या मिरादोरुवर बसले होते. मिरादोरु म्हणजे टेकडीच्या कडेवरचा चौथरा, तिथून सगळी लाल कौलं, किल्ला, नदी आणि पलीकडे लांब तो लाल पूल दिसतो. सूर्य नऊला मावळला. सगळे घोळक्याने, कुणी गिटार वाजवतंय, कुणी जोडीने. एवढं सुंदर दिसत होतं आणि 'बघ गं' म्हणायला शेजारी कुणी नव्हतं. फोन काढला. तिथे नऊ म्हणजे आपल्याकडे रात्रीचा दीड, जूनमध्ये साडेचार तासांचा फरक. सगळे झोपलेले. मी फोन ठेवला आणि रडले. मग अंधार पडेपर्यंत तिथेच बसले आणि उतरून गेले.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. घरी फोन दुपारी एकला करायला लागले, आपल्याकडे तेव्हा साडेपाच, चहाची वेळ. आणि सूर्यास्ताच्या वेळी गर्दीच्या चौथऱ्यावर जाणं बंद केलं. त्याऐवजी काइश दु सोद्रेहून बोटीने पलीकडे कासिल्याशला जायचे. दहा मिनिटांची बोट, कामावरून घरी जाणारी माणसं, हातात भाजीच्या पिशव्या. त्यांच्यात मी एकटी वाटत नव्हते, कारण तिथे सगळेच एकेकटे आणि थकलेले असतात. पलीकडच्या धक्क्यावर बसून लिस्बनवर दिवे लागताना बघायचे आणि पुढच्या बोटीने परत.

तुमची जखम माझ्यापेक्षा वेगळी आहे, त्याबद्दल मी बोलू शकत नाही. पण जावंसं वाटत असेल तर जा. गर्दीचा सण नको असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरचा विचार करा.

---

तेजूकाठी | ५ सप्टेंबर

धागा वर आणतोय, कारण वाईट आहे. परवा ३ सप्टेंबरला संध्याकाळी ग्लोरियाची केबल-ट्राम रुळावरून सुटून खाली इमारतीवर आदळली. १६ माणसं गेली. हेश्तौरादोरेशपासून साँव पेद्रु द आल्कांतारापर्यंतच्या चढावर १८८५ पासून चालणारी ही पिवळी गाडी. दोन डब्यांना जोडणारी केबल तुटली. काल देशभर दुखवटा होता. मी रोज तिच्या बाजूच्या पायऱ्यांनी कामावर जातो. तिथे आता फुलं आणि मेणबत्त्या आहेत. बाकीच्या अशा गाड्याही तपासणीसाठी बंद केल्या आहेत. येणाऱ्यांनी चढ चालायची तयारी ठेवावी.

मोतीतलाव | ५ सप्टेंबर

जूनमध्ये मी तिच्यात बसले होते. ब्रेकवर हात ठेवून उभा असलेला चालक डोळ्यांसमोर आला. काही सुचत नाही. तुम्ही सुखरूप आहात ना?

तेजूकाठी | ५ सप्टेंबर

आहे, ताई.

---

मुक्कामपोस्ट | ९ ऑक्टोबर

व्हिसा आला. २८ ऑक्टोबर ते ६ नोव्हेंबर, सगळ्या रात्री एकाच ठिकाणी, बायकांच्या खोलीत खालचा बेड, लिहून मागितला. मुलीने सॅक आणून दिली. आता फक्त दोन प्रश्न : पाऊस किती, आणि १ नोव्हेंबरला सगळं बंद असेल का?

तेजूकाठी | ९ ऑक्टोबर

पाऊस येतो-जातो, पण आला की फरसबंदी काचेसारखी होते. बूट रबरी तळाचे आणि आधी महिनाभर वापरलेले आणा, छत्रीपेक्षा टोपीचं जॅकेट बरं, नदीचा वारा छत्री उलटी करतो. १ नोव्हेंबरला सुट्टी असते. दुकानं थोडी बंद, ट्राम-मेट्रो चालू. आणि तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर भाजलेल्या चेस्टनटच्या गाड्या लागलेल्या असतात. पांढरा धूर लांबूनच दिसतो. कागदाच्या पुडीत डझनभर देतात. गरम असतानाच सोला, गार झाल्यावर साल निघत नाही.

मोतीतलाव | ९ ऑक्टोबर

कासिल्याशची बोट विसरू नका. परतीच्या बोटीत डाव्या बाजूला बसा, पूल तिकडेच दिसतो. आणि माझ्या त्या खानावळीचा पत्ता तुम्हाला निरोपातून पाठवते. मालकाला फक्त 'बिका' म्हणा.